काळी पाचवाली मोहिनी

मला सगळे शंकेखोर म्हणतात. म्हणू देत. शंका घेतली म्हणूनच माझ्या नवऱ्यानं पिंपळगावात दुसरा संसार थाटलाय हे मला कळलं, नाहीतर अजून त्याचे डबे भरत बसले असते. तेव्हाही सासरची सगळी म्हणत होती, हिला काय, उठसूट संशय. मग एक दिवस ती बाईच कडेवर पोर घेऊन दारात आली आणि सगळ्यांची तोंडं बंद झाली. मी माझी ट्रंक उचलली आणि सायखेड्याला माहेरी आले ती कायमची. तेव्हापासून माझा माझ्या शंकेवर विश्वास आहे, माणसांवर जरा कमी.

ही गोष्ट माझी नाही, माझ्या भावजयीची, मोहिनीची आहे. माझा धाकटा भाऊ सुनील, त्याची बायको. रंगानं काळीसावळी, अंगानं काटकी, आणि गळा असा की भजनात ती उठून गायला लागली की मृदंगवाल्याचा हात हलका व्हायचा. नाशिकच्या पंचवटीत सावळीराममामांचा ऑर्केस्ट्रा होता, स्वरगोदा नावाचा. लग्नं, गणपती, गावोगावच्या यात्रा, सगळीकडे त्यांचा कार्यक्रम. त्यांनी हिला सायखेड्याच्या सप्त्यात ऐकलं आणि घरी येऊन बसले. साल चौऱ्याण्णव असावं. माझी आई कुसाबाई म्हणाली, "सून स्टेजवर गाणार म्हंजी लोकं काय म्हणतील?" बराच खल झाला. शेवटी ठरलं की जाऊ दे, पण एकटी नाही जायची, संगं आक्का जाईल. आक्का म्हणजे मी. राखणीला माझ्यासारखी दुसरी कोण मिळणार होती?

पहिल्याच दिवशी भांडण झालं. सावळीराममामा पेटी घेऊन बसले आणि मोहिनीला म्हणाले, गा. ती गायला लागली तसे ते एकेक पट्टी दाबून बघायला लागले. मग मान डोलवून बाकीच्यांना म्हणाले, "अरे, ही तर काळी पाच आहे." मी उठलेच. म्हटलं, माझ्या भावजयीचा रंग काढायचं काम नाही, आम्ही तुमच्या दारात आलो नव्हतो, तुम्ही आमच्या दारात आला होता. सगळे हसायला लागले. मामांनी मला पेटीजवळ बसवून दाखवलं. पांढऱ्या पट्ट्या सात, काळ्या पाच. गाणारा ज्या पट्टीला आपला सा मानतो ती त्याची पट्टी. पाचवी काळी म्हणजे बायकांतसुद्धा उंच, सगळ्यांना झेपत नाही. म्हणजे कौतुक होतं ते. मी खाली बसले, पण अजून मला वाटतं, बोलायची काही रीत असते.

तेच पुढं तिचं नाव झालं. मामा स्वतःच निवेदन करायचे. माईकवर म्हणायचे, "आता येतेय नाशिक जिल्ह्याची काळी पाच!" मामांनीच एक देवीचं गाणं बांधलं होतं, गडाच्या पायऱ्या चढणाऱ्या बाईचं. त्याचं शेवटचं कडवं असं वर जायचं की ऐकणाऱ्याला धाप लागावी. मोहिनी ते कडवं हसत गायची. एकदा ओझरला टाळ्या थांबेनात, तेव्हा ती भरात येऊन माईकवर म्हणाली, "ज्या दिवशी ही पट्टी सुटेल, त्या दिवशी मी माईक खाली ठेवीन." लोक खूश झाले. मामांनी ते वाक्य उचललं आणि दर कार्यक्रमात सांगायला लागले. मी तेव्हाच म्हटलं होतं, असं चारचौघांत बोलू नये. पण माझं कोण ऐकतं?

अठ्ठ्याण्णवच्या आसपास वाल्मीक आला. मामांनी पेटी बाजूला ठेवली आणि कॅसिओ घेतला. कंपनी कुठली का असेना, आमच्याकडे त्या वाद्याला कॅसिओच म्हणतात. तो वाजवायला वाल्मीक. ओझरच्या विमान कारखान्यात फिटर, दिवसा ड्युटी, संध्याकाळी ऑर्केस्ट्रा. शरणपूरकडे एक म्हातारे ख्रिस्ती मास्तर होते, त्यांच्या घरी खराखुरा पियानो होता, त्यावर हा लहानपणापासून शिकलेला. मला पहिली शंका तिथंच आली. पियानो शिकलेला, सरकारी कारखान्यात नोकरी असलेला माणूस हळदीच्या मांडवात वाजवायला कशाला येतो? आणि बोलायचा कमी. गोगलगाय नि पोटात पाय, अशी माणसं मला चालत नाहीत.

त्यानं आल्या आल्या गाण्यांत काहीतरी घालायला सुरुवात केली. इतकी वर्षं मामा पेटीवर जे सुरांचे जुडगे धरायचे, ते सरळ असायचे. सा चा झाला की रे चा. हा मधेच एक विचित्र जुडगा टाकायचा. ऐकला की मला वाटायचं, स्वयंपाकघरात भांडं वाजलं, कोण शिरलं? आणि वाटतंय तोवर पुढचा सूर लागायचा आणि जिवात जीव यायचा. मी एकदा विचारलंच, "हे मधे काय करता तुम्ही?"

तो म्हणाला, "आक्का, तो डिमिनिश कॉर्ड. आम्ही डिम म्हणतो. सा वरून रे वर सरळ उडी मारली तर गाणं चालतं, पण सपक लागतं. मधल्या काळीवरून डिम घेतला की कान जरा अडखळतो. मग रे आला की दुप्पट गोड लागतो. आवळा खाऊन पाणी प्यायल्यासारखं."

"आणि तो इतका चोरटा का वाजतो?"

तो पहिल्यांदा हसला. त्यानं चार बोटं पट्ट्यांवर ठेवली. "यात चार सूर असतात आणि चौघांमधलं अंतर अगदी सारखं. कोण थोरला, कोण धाकटा, काही कळत नाही. म्हणून त्याला स्वतःचं घर नाही. आणि घर नाही म्हणून तो कुठल्याही घरात शिरू शकतो. इथून वर रे ला जाता येतं. वाटलं तर खालीही उतरता येतं, पार दुसऱ्या पट्टीत. ऐकणाऱ्याला पत्ता लागत नाही."

म्हटलं, म्हणजे चोरच की. पण मोहिनीला तो डिम भारी आवडला. तो वाजला की ती डोळे मिटायची आणि पुढचा सूर असा धरायची की अंगावर काटा यावा. लोकही माना डोलवायचे. एका यात्रेत तर गंमतच झाली. गिटारवाला योगेश नवीन होता, त्याला आठवण करून द्यायला वाल्मीक जोरात म्हणाला, "डिम!" आणि आमचा लाइटवाला काळू, त्यानं सगळे दिवे डिम करून टाकले. लोकांना वाटलं लोडशेडिंग झालं. निम्मी माणसं चपला शोधायला लागली. तेव्हापासून वाल्मीक तोंडानं बोलायचा बंद झाला आणि नुसता भुवईनं सांगायला लागला. आता भुवईनं बोलणाऱ्या माणसावर मी विश्वास कसा ठेवायचा?

दोन हजार तीनमध्ये मोहिनीच्या गळ्याला गाठ आली. थायरॉईडची. नाशिकलाच ऑपरेशन झालं, नीट झालं, डॉक्टर म्हणाले काही भीती नाही. पण कितीतरी महिने तिचा आवाज घोगरा होता. ती कुणाशी बोलेना. भाकरी थापताना गुणगुणायची, तेही बंद. एकदा मी बघितलं, गोठ्यात जाऊन एकटीच वरचा सूर लावून बघत होती, आणि लागला नाही तशी गाईच्या पाठीवर डोकं ठेवून उभी राहिली. मी मागच्या मागे परतले. ज्या बाईला गाण्याशिवाय दुसरं काही येत नाही, दुसरं काही नको आहे, तिचं गाणं गेलं तर राहिलं काय?

मग तिनं वणीच्या देवीला नवस बोलला. माझी काळी पाच परत दे, उघड्या पायांनी गड चढीन, खणानारळानं ओटी भरीन. आणि हळूहळू आवाज उघडला. तालमी सुरू झाल्या. पहिल्या कार्यक्रमात तिनं ते शेवटचं कडवं लीलया घेतलं, पहिल्यापेक्षा सोपं गेलं म्हणाली. आम्ही दोघी गड चढलो. पाय पोळले तरी तिच्या तोंडावर हसू होतं. उतरताना म्हणाली, "वन्सं, आईनं माझा सूर परत दिला." मीही हात जोडले. देवीवर मी शंका घेत नाही.

पण माणसांचं काहीतरी बिघडलं होतं. मी खोलीत शिरले की वाल्मीक आणि योगेश बोलायचे थांबायचे. मामा माझ्याशी जास्तच गोड बोलायला लागले, चहा घ्या आक्का, उन्हाचं बसू नका आक्का. अन् शेवटच्या कडव्याआधी न चुकता वाल्मीकची भुवई उडायची, योगेश मान हलवायचा, तो डिम वाजायचा आणि दोघेही मोहिनीच्या तोंडाकडे बघायचे. आधी कधी बघत नव्हते. कुठंतरी पाणी मुरत होतं.

त्यात वैष्णवी आली. मामांच्या बहिणीची मुलगी, कॉलेजात शिकणारी, गोरीपान, लाघवी. कोरसला उभी राहायला लागली, मोहिनीच्या मागे दोन पावलांवर. शेवटच्या कडव्याला मोहिनी वर गेली की हीपण हळूच तोच सूर मागून लावायची. मी म्हटलं, झालं. कानामागून आली नि तिखट झाली, तसं होणार हे. आज मागे उभी आहे, उद्या पुढं येईल. मोहिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "वन्सं, गोड पोरगी आहे ती. तुम्हाला सगळीकडे चोर दिसतात." तिला कुणाचं वाईट दिसतच नाही, तिच्या वाट्याचंही मलाच बघावं लागतं.

दोन हजार पाचच्या नवरात्राआधी पंचवटीत तालीम होती. मी पाण्याची बाटली भरायला मागच्या बाजूला गेले, खिडकी उघडी होती. आत वाल्मीकचा आवाज. "आता काळी अजिबात झेपत नाही. वणीला लोक जास्त असतील, चूक नको. डिम घ्यायचा आणि सरळ पांढरीवर यायचं. अलगद उतरवायचं. बाईंना कळता कामा नये." योगेश म्हणाला, "आणि आक्कांना?" वाल्मीक म्हणाला, "त्यांना तर मुळीच नाही."

काळी झेपत नाही. पांढरीवर यायचं. पेटीवरची काळी-पांढरी मला ठाऊक होती, एवढी वर्षं काय झोपा काढल्या नव्हत्या. पण माझी काळी पुढं उभी होती आणि मामांची पांढरी मागे उभी होती, हेही मी बघत होते. बाईंना उतरवायचं म्हणजे स्टेजवरूनच ना? तेही वणीला, देवीच्या पायाशी, जिथं तिनं नवस फेडला होता. मी मोहिनीला बोलले नाही. ठरवलं, वणीलाच धरायचं, सगळ्यांच्या देखत.

वणीला स्टेजमागे शाळेचा एक वर्ग आम्हाला तयारीला दिला होता. दिवेलागणीची वेळ, बाहेर लोक जमत होते. मोहिनी शेजारच्या खोलीत वैष्णवीकडून गजरा माळून घेत होती. वाल्मीक एकटा बाकावर बसून बोटं चोळत होता. मी दार लावलं आणि समोर उभी राहिले.

"आज तो डिम घ्यायचा नाही."

त्यानं बोटं चोळायची थांबवली.

"मी ऐकलंय सगळं. काळीला उतरवायचं, पांढरीवर यायचं. तिनं या ऑर्केस्ट्रासाठी रक्त आटवलंय आणि तुम्ही तिला चोरून काढता? वैष्णवीला पुढं आणायचं तर मामांनी माझ्यासमोर येऊन सांगावं."

त्याचा चेहरा उतरला. "आक्का, वैष्णवीचा काय संबंध? बाईंना काढायचं असतं तर डिम कशाला लागला असता?" मग खाली बघत, एकेक शब्द जोडत तो बोलला. "ऑपरेशननंतर पहिल्या तालमीला त्या वरच्या सुराच्या आधीच खोकल्या. खोकला नव्हता तो, भीती होती. काळी पाचमध्ये तो सूर त्यांना आता लागत नाही. अर्धा सूर खाली, पांढरी सहामध्ये, लागतो. म्हणून आम्ही गाणं काळी पाचमध्येच सुरू करतो, आणि शेवटच्या कडव्याआधी डिम घेऊन अर्धा सूर खाली उतरतो. त्यांचा कान माझ्या मागे येतो. त्यांना वाटतं आपण तिथंच आहोत. वैष्णवी मागून आधार देते."

"दोन वर्षं?"

"दोन वर्षं."

"आणि मला कुणी सांगितलं नाही?"

"तुमच्या पोटात राहिलं असतं?"

मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, नसतं राहिलं. मी म्हटलं, "तिलाच का नाही सांगितलं?"

"त्या म्हणाल्यात ना, पट्टी सुटली की माईक खाली ठेवीन. त्या बोललेलं करतात, आक्का. आम्हाला त्यांचं गाणं थांबवायचं नव्हतं."

मी बाकावर बसले. पहिल्यांदा मनात आला तो नवस. ते पोळलेले पाय, ते हसू. म्हटलं, "अरे, मग आम्ही गडावर जाऊन फेडलं ते काय होतं?"

तेवढ्यात दार उघडून मोहिनी आली, हिरवी साडी, डोक्यात गजरा. आमच्या दोघांकडे बघून म्हणाली, "काय चाललंय?"

"काही नाही," मी म्हटलं.

ती थांबली. "वन्सं, दोन वर्षं तुम्ही माझं डोकं खाताय, इथं पाणी मुरतंय, डिमला हे दोघं तुझ्या तोंडाकडे बघतात. आज काही नाही?" ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी पदर नीट करायला लागले. मग वाल्मीकला म्हणाली, "आज शेवटच्या कडव्याआधी तो डिम नको. सरळ जा."

"बाई, कोरडं लागेल."

"लागू दे. आणि मी सांगितलंय ते ऐकायचं."

कार्यक्रम देवीच्या गाण्यानंच सुरू होणार होता. मामांनी नेहमीसारखं नाव घेतलं, काळी पाच, माईक खाली ठेवीन, सगळं. मोहिनी गायला लागली. मी विंगेत उभी. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, लोक हातांनी ठेका धरत होते. मधल्या म्युझिकला वाल्मीकनं मान वळवली. योगेशकडे नाही, माझ्याकडे. त्याची भुवई नुसती विचारत होती, घेऊ का नको?

नको म्हटलं असतं तर ती वर गेली असती आणि आवाज फुटला असता, एवढ्या माणसांत, देवीच्या दारात. घे म्हटलं तर जी फसवणूक पकडायला मी आले होते तिच्यात मीच सामील. विचार करायला वेळ कुठं होता? मी मान हलवली. घे.

डिम वाजला. आणि मोहिनी गायलीच नाही.

ती डोळे मिटून उभी राहिली. वाद्यं उतरली, पांढरी सहावर आली, आणि ती नुसती ऐकत होती. इतकी वर्षं डिम आला की ती पुढच्या सुराच्या मागे धावायची. आज धावली नाही, म्हणून तिला कळलं की जमीन कुठं आहे. वाल्मीकनं म्युझिक पुन्हा फिरवलं, योगेश घामाघूम. लोकांना वाटलं, बाई रंगात आल्यात. दुसऱ्या फेरीला तिनं तोंड उघडलं आणि ते कडवं गायली, पांढरी सहामध्ये, पूर्ण. शिट्ट्या पडल्या. ती नमस्कार करून आत आली आणि सरळ त्या वर्गात गेली. मामांनी मिमिक्रीवाल्याला स्टेजवर ढकललं आणि आम्ही सगळे तिच्या मागे.

"पेटी," ती म्हणाली. मामांची जुनी पेटी कोपऱ्यात होती. "काळी पाच द्या."

मामांनी सूर दिला. तिनं ते कडवं घेतलं आणि वर पोचायच्या आधीच आवाज फाटला. तिनं पाणी न पिता परत घेतलं. परत फाटला. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. मामांचा भाता हलायचा थांबला. वैष्णवी हुंदके द्यायला लागली.

"कधीपासून?" मोहिनीनं विचारलं.

"ऑपरेशनपासून," वाल्मीक म्हणाला.

"म्हणजे माझा सूर परत आलाच नाही." ती खुर्चीवर बसली. "मी गावभर सांगत फिरले, देवीनं दिला. सगळ्यांना माहीत होतं आणि मी एकटी मूर्ख." मग माझ्याकडे वळली. "आणि तुम्ही मान हलवलीत. बघितलं मी."

"हलवली," मी म्हटलं. "परत वेळ आली तर परत हलवीन. तू तिथं सगळ्यांदेखत तोंडावर पडलेली मला बघवलं नसतं."

बाहेर मिमिक्रीवाल्याचे कोंबडे, कुत्रे सगळे आरवून भुंकून झाले होते, त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मामा दारात चुळबुळत होते. विचारायची कुणाची छाती होत नव्हती, पण सगळ्यांच्या मनात एकच होतं. ही बोललेलं करते. आता माईक खाली ठेवला तर संपलंच. मला तो गोठा आठवत होता.

"मी म्हणाले होते ना, पट्टी सुटली की माईक खाली ठेवीन?" ती कुणाकडेही न बघता म्हणाली.

"म्हणाली होतीस," मी म्हटलं. "मग?"

ती हातातल्या बांगड्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "मला गायचंय, वन्सं." आणि ओंजळीत तोंड धरून रडायला लागली. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तिला असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. मी जवळ गेले आणि तिचं डोकं पोटाशी धरलं.

डोळे पुसून ती उठली. वाल्मीक भिंतीला टेकून उभा होता, शिक्षेला उभं केल्यासारखा. त्याला म्हणाली, "इथून पुढं उतरायचं तर मला सांगून उतरायचं. डिम वाजव, मला आवडतो तो. पण तो घेऊन कुठं निघालायस ते आधी मला सांगायचं. माझा गळा आहे, वाल्मीक."

"हो बाई," तो म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. या माणसाला मी सात वर्षं चोर समजत होते. आता पूर्ण विश्वास बसला असं म्हणणार नाही, पण त्या दिवशी त्याला चहा मी नेऊन दिला.

मोहिनी स्टेजवर गेली तेव्हा मामा माईक घेऊन नेहमीचं सुरू करणार होते. तिनं त्यांच्या हातातून माईक काढून घेतला. दिव्यात तिचा चेहरा ओला दिसत होता. म्हणाली, "मंडळी, काळी पाच आता माझ्याकडून होत नाही. मघाचं शेवटचं कडवं मी अर्धा सूर खाली गायले. यापुढं पांढरी सहामध्ये गाईन. चालेल का तुम्हाला?"

खाली बसलेल्यांना काळी कुठली आणि पांढरी कुठली, काय ठाऊक? सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मागून एक म्हातारा, टोपी सारखी करत, म्हणाला, "चालंल की, बाई. आमी गाणं ऐकाया आलोय. तुमी म्हना."

तिनं वाल्मीककडे बघून मान हलवली. त्यानं पांढरी सहा दिली, आणि ती गायला लागली.